घेर

सेक्टरात काम सोपं होतं.
छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायचा,
घेर लिहायचा, जात लिहायची,
खोडावर पिवळा आकडा, की पुढचं झाड.
एका रस्त्यावर शिरीषच चाळीस,
खाली धुतलेल्या गाड्या गार झोपलेल्या.
वॉचमन म्हणाला, कापणार तर नाही ना?
नाही हो, मोजतोय फक्त.

मग ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला
आणि दिघ्यात, खाणीच्या पायथ्याला,
नऊ नंबरच्या गल्लीत
टेप खिशातच राहिला.
रकाने रिकामे ठेवले तर मोबाईल अडून बसतो,
लाल अक्षरांत म्हणतो: माहिती अपूर्ण.

यल्लव्वा धोत्रे पिंपाशी उभी.
"काय धुंडतोस?"
झाडं, मावशी. ही बघा, इथं जात, इथं तब्येत.
"झाडाचीबी जात इचारत्यात?"
मग तिनं वर बोट केलं.
दुसऱ्या मजल्यावर, पाइपाच्या सांध्यात
वीतभर पिंपळ.
"त्यो घे लिहून. मालकाला नको सांगू, ॲसिड ओतंल."

लिहिलं: पिंपळ. घेर करंगळीएवढा.
तब्येत: बरी.

दुपारी दोनला तिथंच थांबलो.
ट्रान्सफॉर्मरच्या खांबाची सावली, हातभर रुंद,
तिच्यात एकामागं एक
कांदेवाला शकूर, दप्तरं घेतलेली दोन पोरं,
शेवटी एक कुत्री.
सावली सरकली तशी रांग सरकली,
कुणी कुणाला काही बोललं नाही.

गुरुवारच्या बैठकीत साहेबांनी नकाशा उघडला.
हिरवे ठिपके जिथं दाट, यंदाची रोपंही तिथंच.
"तिकडे जगतात. पाणी आहे, कुंपण आहे."
मी म्हटलं, दिघा?
"जागा कुठंय? खड्डा तीन बाय तीनचा लागतो."

रविवारी खडू घेऊन गेलो.
यल्लव्वानं मोरीचा कट्टा दोन वीत मागं घेतला.
"खाली कातळ लागंल. पहार मी आणते.
तीस वर्सं फोडलाय ह्यो डोंगर,
तुज्या सेक्टरचा रस्ता ह्याच खडीचा."
शकूरनं गाडी सरकवून दाखवली.
हणमंत मात्र दारात आडवा:
"इथं नको. पानं पडतात, गटार तुंबतं."
मी पुढं निघालो.
"थांब. झाड तोडायला परवानगी लागते म्हणे?"
लागते.
"माझं घर दोनदा तोडलं, तेव्हा कुणाला लागली नाही."
जरा वेळ गप्प राहिला.
"मग भिंतीला खेटून काढ.
एकाला हात लावला
की दुसऱ्याला लागला पाहिजे."

दहा चौकोन काढले.
संध्याकाळी टँकर आला, गळका,
तीन पुसले गेले.

उरलेले सात रात्री मोबाईलमध्ये भरले.
जात: करंज, ठरली तर.
घेर?
चौकोनाच्या चारी बाजू मोजल्या,
बारा फूट, प्रत्येकी.
त्यानं मुकाट घेतलं.

सेक्टरातला एकही शिरीष
एवढा भरला नव्हता.