एकशे पंचवीस टक्के

फॉर्मवर सातवा प्रश्न होता:
गटाच्या कामात तुमचा वाटा किती टक्के?
जोबिनने लिहिलं चाळीस, शम्साने पस्तीस.
मी पंचेचाळीस, आणि तेही हात आखडता घेऊन.
मुंधिरने पाच.
सरांनी फळ्यावर बेरीज केली,
काही बोलले नाहीत,
मार्करला टोपण लावलं, फॉर्म परत वाटले
आणि चहाला गेले.

खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करायचं होतं आम्हाला,
कॉलेजच्या गच्चीवर, एका काचेच्या पेटीत.
ऊन सोहारमध्ये फुकट आहे, समुद्रही.
काच किती अंशांत तिरकी
यावर जोबिन आणि मी नऊ दिवस भांडलो.
शम्सा निरोप इकडून तिकडे नेत राहिली
आणि ग्रुपचं नाव बदलत राहिली,
आधी 'अमृत', ते माझं,
मग 'कतरा', ते तिचं,
शेवटी नुसतंच 'बुधवार',
कारण बुधवारी द्यायचं होतं.

मुंधिरला आम्ही काम दिलं होतं, समुद्राचं पाणी आणायचं.
रोज एक वीस लिटरचा कॅन,
वडिलांच्या मासळीच्या पिकअपमधून.
एकदा म्हणाला, पेटी तिथे नका ठेवू,
दुपारनंतर टाकीची सावली येते.
आम्ही मान डोलावली
आणि पेटी तिथेच ठेवली.
घरी आईलाही मी हेच सांगायचे,
आम्ही तिघं करतोय गं,
आणि अजून एक मुलगा आहे.

सावली आली.
दिवसभरात निघालं दोन चमचे पाणी, तेही खारट.
कुठूनतरी गळत होतं,
आणि ते प्रत्येकाला दुसऱ्याच्या बाजूने गळताना दिसत होतं.
जोबिन दार आपटून गेला.
शम्सा काही बोलली नाही,
फक्त ग्रुपचं नाव पुसून टाकलं.

मंगळवारी वर गेले तर पेटी जागेवर नाही.
मुंधिरने ती एकट्याने ओढत नेलेली, टाकीपलीकडे.
उकिडवा बसून, डोळे मिटून
कडेची चीर बोटाने चाचपत होता,
होडीची चाचपतात तशी.
'सिलिकॉन धर,' म्हणाला, माझ्याकडे न बघता.
मी धरलं.
मग शम्सा आली. मग जोबिन,
हातात करक चहाचे कागदी पेले.
चार. मी मोजले.
सॉरी कुणी कुणाला म्हणालं नाही.
काचेला आतून घाम फुटला,
एक थेंब घसरला, वाटेत दुसऱ्याला भिडला,
जड झाला, मग थांबेचना.

इंग्रजीत एकच 'वी'. मुंधिरच्या अरबीतही एकच.
माझ्याकडे दोन आहेत, आम्ही आणि आपण,
आणि पाच आठवडे मी चुकीचा वापरला.
त्या गच्चीवर मराठी कुणाला कळत नव्हती,
तरी मोठ्याने म्हणून पाहिलं, आपण.
जोबिनने विचारलं, काय हवंय?

बुधवारी सातशे मिली भरलं. मार्क ठीकठाक.
तळाशी मीठ उरलं,
त्याचं रिपोर्टमध्ये कुठेच नाव नाही.
मुंधिरने ते खरवडून चार पुड्या बांधल्या.
आईने माझी आमटीत घातली,
म्हणाली, कडवट आहे,
पण खाल्लंयस, आता जागायला हवं.

फॉर्म अजून टेबलावर आहे.
पंचेचाळीस खोडलं.
पंचवीस लिहिलं, तेही खोडलं.
लिफ्ट बंद असताना
वीस लिटरचा कॅन चार मजले चढवायला
किती टक्के लागतात,
ते आधी मुंधिरला विचारायचंय.