आधी कंदील

हरिपुरात पेव उघडायचं असलं की
पायगोंडा आधी कंदील सोडायचा.
दोरी हळूहळू. मग थांबायचा.
ज्योत विझली तर तोंड तसंच उघडं टाकून
सगळे चिंचेखाली तंबाखू मळत बसायचे,
एक दिवस, कधी दोन.
घाई कुणाला नसायची.
हळद कुठं जाते?

हे मी शीतलला सांगत होतो,
मार्केट यार्डात, आमच्या जुन्या अडतीच्या पायरीवर.
बशीतला चहा संपेपर्यंत
त्याचे फोनवर अठरा हजार वाढले.
"मामा, कमी पण होतात," म्हणाला.
प्रामाणिक आहे पोरगं.

विचारलं, नाणं कशाचं?
"कशाचंच नाही. हिशोबाचं."
म्हणे जगभर हजारो वह्या,
सगळ्यांत तीच नोंद,
एकानं खोडली तर बाकीच्या बोंब मारतात.
चाळीस वर्षं दिवाणजी होतो मी,
खाडाखोड नसलेली वही अजून बघायची आहे,
त्यामुळं हे मला आवडलंच.
पण वही म्हणजे माल नव्हे रे, शीतल.

"मग हळदीचा भाव म्हणजे माल होता का?"

इथं मी बशी खाली ठेवली.
कारण रुमालाखाली मीही बोटं धरलीत.
शेजारच्याला दिसू नये म्हणून कापडाआड
दोन बोटं, चार बोटं, नखाचा एक टोचा,
की झाला गावाचा भाव.
आणि पेवाच्या पावत्या!
एकच पेव सकाळी शहांचं,
दुपारी बापू चौगुल्यांचं,
दिवे लागायच्या आत कानपूरच्या कुणाचं तरी.
हळद मात्र तिथंच, अंधारात,
मातीला पाठ लावून.
मग एका साली कृष्णा-वारणा
संगम सोडून वर आल्या, पेवांत शिरल्या.
पावत्या तिजोरीत कोरड्या होत्या.
त्यांच्यावर भाव आणखी तीन दिवस चालला.

शीतल हसला नाही.
मीही हे त्याला हरवायला सांगितलं नव्हतं.

पेपरवाले बुडबुडा म्हणतात.
बुडबुडा सोपा, आरपार दिसतो,
पोरसुद्धा बोट लावून फोडतं.
आपल्याकडं पेव फुटतं:
क्लासचं फुटलं, पतसंस्थांचं फुटलं,
आणि फुटलं म्हणजे संपलं असं कुणी म्हणत नाही,
फुटलं म्हणजे सुटलं,
जो तो टोपली घेऊन धावतो.
आत हवा कसली आहे
ते नाकाला कळत नाही. वास नसतो तिला.
पायगोंडाचा भाऊ कंदिलाशिवाय उतरला होता,
एकदाच.

म्हटलं, तुझ्या त्या नाण्यात सोडायला कंदील कुठला?
त्यानं विचार केला. खरंच केला.
गुरुवारी थोडं विकलं, दहा हजारांचं;
शनिवारी पैसे बँकेत, थोडे कापून.
नवे पत्रे घेतले गोठ्याला.
"बघा मामा, तेवतोय की कंदील."

पायगोंडा म्हणायचा,
वरच्या चार हातांत तो तेवतोच.
दोरी तळापर्यंत पुरली पाहिजे.
तळ किती हातांवर, शीतल?
त्याला माहीत नाही.
ज्यानं खणलं त्याचं नावही कुणाला माहीत नाही म्हणे.

एक गोष्ट मात्र त्याला अजून सांगितलेली नाही.
मागच्या पंधरवड्यात, कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडून
मी पाच हजार टाकलेत.
घरी सांगितलं, चष्म्याला लागले.
रात्री ही झोपली की फोन उघडतो,
हात लांब करून, जमेल तेवढा खाली धरतो.
उजेड खाली पडतच नाही.
सगळा वर येतो,
माझ्या तोंडावर.