भाड्याचा आरसा

सासऱ्यांनी मागे ठेवलेलं चार मजल्यांचं घर,
लाइपझिगच्या कालव्याजवळ,
बंद पडलेल्या सूतगिरणीला पाठ लावून.
तिसऱ्या मजल्यावर फ्राउ कोसाक, एकेचाळीस वर्षं.
माझं लग्न व्हायच्या आधीपासून त्यांचं भाडं येतंय
महिन्याच्या दोन तारखेला,
तीन तारीख कधी उजाडू दिली नाही.

यंदा छप्पर गळलं.
बायको म्हणाली, डेटलेफ, भाडं वाढवायला हवं,
आणि भांडी विसळत राहिली,
म्हणजे ते मी करायचं होतं.

मनात आलं म्हणून इथे वाढवता येत नाही.
नगरपालिका एक तक्ता काढते,
त्याला भाड्याचा आरसा म्हणतात:
घर कुठल्या साली उभं राहिलं, किती चौरस मीटर,
खिडकीला काच एकेरी की दुहेरी.
नाहीतर तुलनेची तीन घरं दाखवा,
पत्त्यासकट, मजल्यासकट,
आणि नम्रपणे लिहा की चारचौघांइतकंच मागतोय.
हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं ज्याने म्हटलं
त्याच्याकडे भाडेकरू नसावा.

तक्ता विचारत होता: न्हाणीघर?
आहे की, निळ्या फरश्यांचं.
पण टब आणला होता त्यांच्या एरविनने, हातगाडीवरून,
सिमेंटची गोणीसुद्धा ओळखीशिवाय मिळत नसे त्या काळात.
आणि भाडेकरूने पदरचं घालून बसवलेलं
हिशेबात धरायचं नसतं.
मी लिहिलं: न्हाणीघर नाही.
लिहिताना वरून
टब भरत असल्याचा आवाज येत होता.

मग घरं बघत हिंडलो.
पहिलं दोन गल्ल्या सोडून. मापाने तंतोतंत.
बाल्कनीत उभा राहिलो तर समोरच्या बाल्कनीत
एक मुलगा ट्रॉम्बोन शिकत होता, तोच एक सूर, पुन्हा पुन्हा.
हा मुलगा मिळवायचा की वजा करायचा
हे विचारायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या घरात नुकतंच एक जोडपं आलेलं,
खोक्यांवर बसून सूप पीत होतं.
भाडं जास्त आहे, म्हणाले,
पण आम्हाला घाई होती.
मी वहीत आकडा उतरवला.
घाई उतरवली नाही.

तिसरं घर हेर श्लेगेलमिल्श यांचं.
त्यांनी आलुबुखाराचा केक पुढे केला, मग फाइल काढली.
तुम्हीच तर आधार, म्हणाले,
मी गेल्या वर्षी भाडं ठरवलं
ते तुमचा दुसरा मजला बघून.
माझ्या घशात केक अडकला.
दुसऱ्या मजल्याचं भाडं मी चार वर्षांपूर्वी
यांचंच घर बघून ठरवलं होतं.

बाजारभाव, बाजारभाव म्हणतात तो हाच असेल:
ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे,
केक छान होता,
आणि दर वेळी आकडा
थोडा फुगून परत येत होता.

पत्र मी स्वतःच वर घेऊन गेलो.
फ्राउ कोसाकनी भिंग काढलं, ओळ न ओळ वाचली.
नव्या भाड्यावरून भिंग सरळ पुढे गेलं,
खाली एका ओळीवर थांबलं.
मग इतकी वर्षं, त्यांनी विचारलं,
मी आंघोळ कुठे करतेय?

मी समजावलं, हे तुमच्याच फायद्याचं आहे,
नाही लिहिलं की अडतीस युरो कमी पडतात.
त्या गप्प. आतून नळ ठिबकत होता.
लिहा, आहे म्हणून, त्या म्हणाल्या.
एरविनने बसवलं असंही लिहा.
वर अडतीस लागले तर ते मी देईन.

मी तक्ता उलटून पाहिला,
पुन्हा सुलटा केला.
तेवढं लिहायला कुठे रकाना नव्हता.