सत्तरपैकी

ज्योत्स्ना म्हणते, बाबा, पाठवून द्या कंपनीकडे.
तिथे भिंगाखाली धरतात एकेक नाणं,
सत्तरपैकी मार्क देतात
आणि डबीत बंद करतात, कायमचं.
मग किंमत येते.

सत्तरपैकी.
मी पारव्याच्या शाळेत एकतीस वर्षं
शंभरपैकी देत आलो.
तेहेतिसाचे पस्तीस केले कितीदा,
पोळ्याच्या तोंडावरच्या चाचणीत तर हमखास.

तीन संच आहेत, सोळा नाणी.
मुंबईच्या टांकसाळीला मनीऑर्डर केली तेव्हा
पोस्टमास्तर दुर्गे पत्ता दोनदा वाचत बसले होते.
निळ्या पेटीतून आरसे निघाले,
बाजारात न जाण्यासाठीच पाडलेले,
आणि अनुसया दारातून म्हणाली,
"पैसे देऊन पैसेच इकत आनले? काहून?"
तेव्हा उत्तर सुचलं नाही.
अजून शोधतोय.

आज दुपारी, शेहेचाळीस डिग्रीत, कपाट उघडलं.
चुकलंच माझं. वीस उन्हाळे कूलर
ह्याच कपाटाकडे तोंड करून ओली हवा फेकत होता.
रुप्याच्या कडेला पिवळट चढलंय,
वरणावर साय धरावी तसं, आणि पुढे निळं.
पुसायचं नाही म्हणतात. पुसलं की मेलं.
फी नाण्यागणिक.
पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला,
हातचा एक विसरलो, पुन्हा केला.
अर्धी पेन्शन.

आणि तिसऱ्या संचातलं दहाचं नाणं.
कणसांच्या वर, आरशावर, अंगठा आहे.
पाच वर्षांची ज्योत्स्ना, बोटं बोरकुटाने माखलेली,
"यात मी दिसते," म्हणाली आणि दाबलं.
मी रागावलो होतो. हातही उचलला होता, वाटतं.
तिला हे आठवत नाही.
चव्वेचाळीस वर्षांत ठसा काळा होत गेला.
तिचा अंगठा वाढला,
हा नाही.

फोनवर एवढंच म्हणालो, त्यातलं एक नापास होईल.
"नापासालाही डबी देतात, बाबा.
फक्त आकडा देत नाहीत,
कारण लिहितात."
काय लिहितात?
"जे असेल ते. ओरखडा. पुसलेलं. बोटाचा ठसा."

रात्री अंगणात बाजेवर पडून
मनातल्या मनात पंधरा वजा केली.
ती राहतील कपाटात, चढू दे पिवळं निळं,
कूलरचं तोंड तेवढं फिरवतो.
जाईल ते एकच.
कुणी अनोळखी माणूस भिंगातून नीट पाहील
आणि शिक्क्यानिशी लिहून देईल
की अंगठा होता.

अनुसयाला सांगितलं.
ती कुशीवर वळली.
"पैसे देऊन पैसे. अन् आता पैसे देऊन डाग."
मग बऱ्याच वेळाने, मला वाटलं झोपली,
"घाटंजीलेच जाजा कुरियरले.
इथला पोट्टा पार्सलं फेकते."