टाचण

किल्ली देताना यल्लाप्पा म्हणाला,
"खालचा कप्पा दमानं उघडा, मॅडम.
पुरात भिजलाय, तवापासनं रुसलाय."

दार फुगलं होतं.
गुडघा टेकवून ओढलं, तर आतून
गंज, डांबरगोळ्या आणि बंद वर्षांचा वास.
शुक्रवार पेठेतल्या या शाळेच्या भिंतीवर
माझ्या खांद्याच्या उंचीला एक तपकिरी रेघ आहे.
बाकीची भिंत रंगवली,
तेवढी रेघ कुणी पुसली नाही.

नोंद करत गेले:
परीक्षानळ्या एकोणीस, पैकी शाबूत अकरा.
लोलक एक, कोपरा उडालेला.
तराजू आहे. वजनं नाहीत.
चुंबक, टाचणीही न उचलणारं.
बरणीतला बेडूक, लेबल धुऊन गेलेलं,
तरी बेडूकच.
आणि मागे सारलेल्या एका बाटलीवर
निवृत्त खोराटे सरांचं मुंगीसारखं अक्षर:
"हे काय आहे ते मलाही माहीत नाही.
वास घेऊ नये."

मी एकटीच हसले,
मग ती बाटली होती तिथंच ठेवली.

हजेरीपट मोठ्यानं वाचून पाहिला.
मिसबाह शिकलगार. समर्थ डवरी.
ईश्वरी भोपळे. तन्वीर बागवान.
बाकांवर धूळ, आणि कुणीतरी कर्कटकानं कोरलेलं
एक अर्धवट विमान.

घरी आरशासमोर सराव:
मी सांगते. मी दाखवते. मी विचारते.
एरवी मी 'सांगतो' म्हणणारी,
गल्लीतल्या सगळ्या बायकांसारखी.

रात्री अण्णा जेवत होते.
एकतीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर,
बनियनला ठिणग्यांची बारीक भोकं.
म्हटलं, "उष्णतेचं संक्रमण तीन प्रकारे होतं, ते मी सांगते."
भाकरी मोडता मोडता त्यांनी वर पाहिलं.
"कुणाशी बोलतीयास?"

वहन झालं, अभिसरण झालं.
प्रारणाला ते म्हणाले,
"भट्टीचं दार उघडलं की तोंड पोळतंय.
लोखंड तर लांबच असतंय. ते व्हय?"
"तेच."
"मग तसं म्हण की."

मग ते सांगत बसले, न विचारता:
आदी लाल, मग नारिंगी, मग पिवळं,
मग बघू नये.
मीटर बिघडला तर रंगावर ओततात.
आणि लाकडी पॅटर्न फुटाला एक सूत मोठा धरतात,
कारण लोखंड गार होताना आवळतं.
"का आवळतंय गं?"

मी कणांबद्दल बोलले.
हलणारे कण, जवळ येणारे कण,
पुस्तकात गोट्यांसारखे काढलेले.
अण्णांनी मान हलवली,
हळूच, दोनदा, मुलीचं मन राखायला.

ती मान मी ओळखते.
मीच हलवलीय ती, सहावीपासून बी.एड.पर्यंत.
सोमवारी अशा बेचाळीस माना असतील.

टाचणाची वही उघडली.
'विद्यार्थी स्पष्ट करतो.'
'विद्यार्थी फरक सांगतो.'
हा विद्यार्थी कुठं राहतो कोण जाणे,
मला अजून भेटलेला नाही.
पेन्सिल घेतली, पट्टी ठेवली,
उद्दिष्टांचा रकाना आखला
आणि रात्री साडेअकरापर्यंत त्यात काहीच लिहिलं नाही.

शनिवारी केएमटीच्या बसमध्ये मांडीवर पिशवी:
एक लाकडी चाक, एक लोखंडी.
कंडक्टर म्हणाला, "गाडी सोडवून आणली काय वो?"

प्रयोगशाळेत यल्लाप्पानं
लोखंडी चाक लाकडीवर ठेवलं,
कडेनं बोट फिरवलं,
पुन्हा फिरवलं.
"एकाच साच्यातलं म्हणता?
मग ह्ये बारकं कसं?"

उत्तर ओठांवर आलेलं.
मी लोलकाचा उडालेला कोपरा पुसत राहिले.
"तुम्हाला काय वाटतंय?"

तो स्टुलावर बसला.
बादली तशीच, फडका तसाच खांद्यावर.
"गार हुताना काय तरी आत जात आसंल,"
म्हणाला. मग, "न्हाई. जाईल कुठं?"

बराच वेळ आम्ही दोघं
त्या सूतभर फटीकडं बघत होतो.
"सोमवारी पोरांना विचारू," म्हणालो मी.