त्रैक्यानंतरचा विसावा रविवार

शाळेनं टाकलेला फळा मी निवृत्त होताना मागून आणला.
शनिवारी चारच्या सुमारास चर्चच्या व्हरांड्यात
ओल्या फडक्यानं मागचा आठवडा पुसते.
आधी तारीख, मग
त्रैक्यानंतरचा विसावा रविवार.
दापोलीत आता हे पंचांग कळतं ते पाळकांना, मला,
आणि योनाला, जो घंटा वाजवायचा.

सकाळी आठ : प्रभुभोजन.
मागच्या महिन्यात यातला 'प्रभु' शेळीनं चाटून नेला,
फळ्यावर नुसतं भोजन उरलं.
त्या रविवारी उपस्थिती बरी होती.

बिशपसाहेब येत आहेत. (हे जाड अक्षरात.)
रात्रीच्या गाडीनं खेडला उतरतील,
घाटात त्यांना मळमळतं म्हणून कुणीतरी आवळासुपारी न्यावी.
हे फळ्यावर नाही, कागदावर.

कोनशिलेवर गोऱ्यांनी कॅथीड्रल असं कोरून ठेवलंय.
मग पलटण गेली, तंबू गेले,
बिशप काही राहायला आला नाही.
आली ती त्याची खुर्ची, फणसाच्या लाकडाची,
पाठीवर मेंढपाळाची काठी.
'खुर्ची आहे ना, मग झालं कॅथीड्रल,' सासरे म्हणायचे,
'माणसं काय, येतील.'
बाकं तीस. माणसं एकोणीस. पावसात चौदा.

दृढीकरण : उमेदवार एक.
अबिगेल शिरसाट. मंगळवारी ती पुण्याला जाणार, नर्सिंगला.
वर्ग माझ्याच ओट्यावर झाला, सहा शनिवार.
मेलेल्यांच्या न्यायापाशी आली की थांबायची :
बाई, आधी मेलेले की आधी जिवंत?
नंबर लावायचा असतो का, ओपीडीसारखा?
मी म्हटलं, बिशपसाहेबांना विचार.
ती विचारेलही.

अकरा वाजता हंगामाची उपकारस्तुती आणि लिलाव.
सुरण, आमसुलं, असोले नारळ,
हळव्या भाताची पहिली पेंढी.
बोलीला कुणीही यावं.
गेल्या वर्षी एकच भोपळा सात वेळा विकला,
घेईल तो पुन्हा टेबलावर ठेवायचा.
आठव्या खेपेला उस्मान बुरोंडकरांनी उचलला
आणि थेट हर्णैला नेला.
म्हणाले, पुरे आता, दमला असेल तो.

बुधवारी डोळे तपासणी, सर्वांसाठी.
'सर्वांसाठी'खाली दोन रेघा.
शुक्रवारी दफनभूमीतलं गवत काढणे, विळे आपापले.
गवत निघालं की नावं वर येतात.
आमच्या नीळकंठाचा पहिला नी दीर्घ,
मी पाथरवटाला कागदावर लिहून दिलं होतं.
त्यानं ऱ्हस्व काढला.
बारा वर्षं झाली, तसाच निजलाय माणूस,
आणि मी हजारभर पोरांच्या वह्या तांबड्या केल्या.

शेवटची ओळ राहिली.
घंटा :
इथं चाळीस वर्षं योना तांबे लिहायचे.
श्रावणात त्याची उजवी बाजू गेली.
काल भेटले तेव्हा डाव्या हातानं
हवेतला दोर ओढून दाखवला, आणि हसला,
अर्धाच.
जागा मोकळी सोडली. खाली रेघ मारली.
खडू तिथंच ठेवला, कठड्यावर.

आज सकाळी सातला आले खुर्ची पुसायला.
फळ्यावर दव. रेघेवर कुणीतरी लिहिलंय :
मी.
नाव नाही, गाव नाही.
वेलांटी उजवीकडे कललेली, वाऱ्यात माड कलतो तशी.
या गावातली अर्धी अक्षरं मी हात धरून वळवलीत.
हे माझ्या ओळखीचं नाही.

खुर्ची पुसून झाली. काठीच्या खाचेतली धूळ तेवढी राहिली.
घंटा पावणेआठला असते.
आता सात बेचाळीस.
दोर सरळ लोंबतोय, वारा नाही.
शेळी कुंपणापाशी आली आहे.
मी तिला हाकलत नाही,
मी रस्त्याकडे बघते.