शंभरापासून उलटे

पीअरच्या विधानभवनात तो पहिल्यांदा बोलायला उठला
तेव्हा मी रेडिओ लावून इस्त्री करत होते.
आवाज लगेच ओळखला.
बावीस वर्षं ऐकलेला, हिरव्या मास्कमधून:
शंभरापासून उलटे आकडे म्हणा. सावकाश.
शहाण्णवच्या खाली सहसा कुणी जात नसे.
एकटा बर्ट ओलेसन एक्याऐंशीपर्यंत पोचला
आणि विचारलंन, ट्रकचे दिवे मालवले का मी?

डॉक्टर एल्रॉय नीगार्ड, भूलतज्ज्ञ.
निम्म्या गावानं डोळे मिटताना
शेवटचा चेहरा त्याचाच पाहिलेला.
तेवढ्यावर माणूस निवडून येतो आमच्याकडे.
पाट्या मार्गिटनं गॅरेजमध्ये रंगवल्या,
लाल अक्षरं, थोडी ओघळलेली:
शुद्धीवर या.
लोक हसले, आणि मत दिलं. मीही.

कमीत कमी द्यायचं, तो म्हणायचा,
पुरेल इतकंच. बाकीचं देह बघून घेतो.
तेव्हा तो औषधाबद्दल बोलत असे.
मग पीअरमध्ये तेच वाक्य
कराबद्दल, शाळांबद्दल, म्हाताऱ्यांच्या गोळ्यांबद्दल.
वाक्य खोटं नव्हतं.
मी स्वतः पाहिलंय त्याला रात्री दोन वाजता
अर्धा थेंब कमी करताना,
एका पोराच्या छातीवर नजर खिळवून.
पण तिथे तो पोराच्या उशाशी बसलेला असे.

तिसऱ्या खेपेला इस्पितळांच्या पैशाचं विधेयक आलं.
नावं पुकारली जात होती.
नीगार्ड.
नाही.
आवाजात काही हललं नाही.
माझ्या हाताखाली उशीचा अभ्रा करपला.

वर्षभरात शस्त्रक्रियेची खोली बंद पडली.
मार्चमध्ये लिलाव: दिवे, ट्रॉल्या, भिंतीवरचं घड्याळ.
तो आला, बर्फात बूट आपटत,
आणि आपलं चाकांचं स्टूल उचललं,
ज्यावर बसून बावीस वर्षं त्यानं माणसं झोपवली.
चाळीस डॉलर. रोख. पावतीही मागितली.
मी दारातच उभी होते.
हात मिळवताना त्याची सवय जुनीच,
दोन बोटं नकळत मनगटाकडे सरकतात.
नाडी जोरात आहे, डोरीन, तो म्हणाला.
मी म्हटलं, सू फॉल्स दोनशे मैल आहे, एल्रॉय.
त्यानं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.
स्टूल गाडीच्या मागच्या सीटवर
आडवं ठेवलं, पट्टा बांधून.

नोव्हेंबरात अग्निशमन केंद्रात मतदान.
कुणाला दिलं ते सांगणार नाही,
धाकट्या बहिणीलाही सांगितलं नाही.
पेन हातात धरून उभी राहिले,
आणि ओठ आपोआप हलायला लागले.
शंभर. नव्व्याण्णव. अठ्ठ्याण्णव.
शहाण्णव ओलांडलं.
एक्याऐंशी ओलांडलं.
मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.